दुसऱ्या फाटकावरची हजेरी

आमचं घर म्हणजे शिरूरच्या चर्चमागची एक खोली. पूर्वी तिथं मिशनच्या साहेबांचा टांगा उभा राहायचा. साहेब गेले, टांगा गेला, मग त्या खोलीत आम्ही सहा माणसं राहायला आलो. भिंतीला ओल चढली की जुन्या लिदीचा वास सुटायचा. आई म्हणायची, आपल्या आधी इथं घोडा राहत होता, आणि त्याचं खाणं आपल्यापेक्षा बरं होतं.

बाबा चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे आणि कोणी वारलं तर कबर खोदायचे. आई मिशनच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायची. मुलांची जेवणं झाली की करपलेल्या, कडा तुटलेल्या भाकऱ्या ती पदरात बांधून घरी आणायची. त्यावर आम्ही वाढलो. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी भाकरी काढली ती अर्धीच काढली. बाई म्हणाल्या, अरे, भाकरी गोल असते.

एका हिवाळ्यात धाकटी बहीण गोवरानं गेली. तिची कबरही बाबांनीच खोदली, कारण ते काम त्यांचंच होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि घंटा नेहमीच्या वेळेला झाली, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. शिरूरची म्हातारी माणसं ही गोष्ट अजून सांगतात. मीही सांगायचो, छाती पुढं काढून. आता सांगताना मध्येच थांबतो. का, ते पुढं येईलच.

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. बी. ए.चा निकाल लागला तेव्हा त्यांनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला, मग नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हजेरी चुकवली न्हाईस, म्हणून झालं हे."

हे वाक्य मी आयुष्यभर बायबलच्या वचनासारखं सांभाळलं. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूकही याच वाक्यामुळं झाली.

पुढं मी पाळक कसा झालो, आमच्या संस्थेच्या शिरूरमधल्या कॉलेजचा प्राचार्य कसा झालो आणि शेवटी बिशप कसा झालो, ती सगळी यादी माझ्या निरोप समारंभात वाचून झालेली आहे. तिच्यात दोन चुका होत्या, पण तोवर जेवणाची वेळ झाली होती. इथं मला एकच गोष्ट सांगायची आहे. पण संपादकांनी बजावलंय की आमच्या बहुतेक वाचकांना बिशप म्हणजे काय हेच माहीत नाही, तर आधी तेवढं सांगा.

सांगतो. एका गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा एक पाळक असतो. अशा पुष्कळ मंडळ्या मिळून एक धर्मप्रांत होतो, आणि त्या प्रांतातल्या पाळकांचा पाळक म्हणजे बिशप. लोकांना वाटतं, हा माणूस सिंहासनावर बसून आशीर्वाद देत असणार. मी बहुतेक गाडीतच बसलेलो असायचो. आज न्हावरे, उद्या दौंड, परवा आणखी कुठं. मुलं कळती झाली की त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना मंडळीत पक्कं करायचं, पाळकांच्या बदल्या करायच्या, आणि भांडणं मिटवायची. भांडणं कसली असतात म्हणाल, तर एका मंडळीत दोन वर्षं पंख्यावरून बोलणं बंद होतं. पंखा पुरुषांच्या बाजूला असावा की बायकांच्या, एवढाच वाद. मी दोन्ही बाजूंना एकेक पंखा लावून दिला, तर दोन्हीकडचे माझ्यावर रागावले. त्यांना पंखा नको होता, निकाल हवा होता.

बिशपचा झगा जांभळा असतो. न्हावऱ्याला एकदा ऊस भरलेल्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवला होता, म्हणून मी खाली उतरून उभा राहिलो. शेजारच्या टपरीवरच्या एका आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, हा रंग कोणत्या पार्टीचा? म्हटलं, आबा, ही पार्टी निवडणूक लढवत नाही. ते म्हणाले, मग गाडी कशी काय मिळाली?

बिशपचं सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे नव्या पाळकाला दीक्षा देणं. उमेदवार गुडघे टेकतो, बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि प्रार्थना करतो. तिथून पुढं तो माणूस प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर मोडून लोकांना देऊ शकतो, लग्नं लावू शकतो, माती देऊ शकतो. पण हात ठेवण्याआधी बिशपला मंडळीकडं तोंड करून मोठ्यानं विचारावं लागतं, की या व्यक्तीबद्दल कोणाची हरकत असेल तर त्यानं ती आत्ता सांगावी. कोणी हरकत घेतली, तर विधी तिथंच थांबवायचा आणि आधी तिचा निवाडा करायचा, असा नियम आहे. प्रत्यक्षात कोणी कधी उठत नाही. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ बिशप थांबतो आणि पुढं जातो. माझ्या नोकरीत मात्र एकदा एक जण उठला.

ती गोष्ट सुरू होते कॉलेजात, मी प्राचार्य असताना.

मार्था साळवे ही दौंडची मुलगी. वडील रेल्वेत गँगमन होते, ते आजारपणात लवकर गेले. आई स्टेशनाजवळ शिवणकाम करायची. मार्था लहानपणापासून आमच्या शिरूरच्या बोर्डिंगात शिकली आणि बोर्डिंगच्या मुलींना फी माफ असल्यामुळं पुढं आमच्याच कॉलेजात राहिली. पण बारावीनंतर तिला दौंडला आईजवळ राहावं लागलं, आणि घर चालवायला तिनं कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगची नोकरी धरली. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मला मार्था साळवे माहीत होती ती मस्टरवरची एक ओळ म्हणून. त्या ओळीत एक आठवडा हजर, एक आठवडा गैरहजर, असं पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिसत होतं.

परीक्षेचा अर्ज भरायला शंभरात पंच्याहत्तर दिवस हजेरी लागते. कमी असेल आणि कारण योग्य असेल, तर प्राचार्य शिफारस करू शकतो. मी करत नसे, आणि कॉलेजात मला त्याचा अभिमान होता. घंटा वाजवणाऱ्याचा मुलगा मी. बहिणीला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशीही ज्यांची घंटा चुकली नाही, त्यांचा मुलगा. ज्याला शिकायचं असतं तो येतोच, असं मी वर्गावर्गात जाऊन सांगायचो.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मार्था माझ्या केबिनमध्ये आली. ती शिफ्टचं सांगू लागली. पहिली शिफ्ट असली की सकाळी सातला कंपनीत हजर राहावं लागतं, त्या आठवड्यात कॉलेज बुडतं. दुसरी शिफ्ट दुपारी तीनला असते, त्या आठवड्यात सकाळच्या एसटीनं येते, तास करते आणि परस्पर कामावर जाते. मी मस्टरवरून मान वर केली नाही. दारात पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस उभा होता, तो मध्येच बोलला.

"साहेब, पोरगी अर्ध्या झोपंतून उठून येती. एक डाव बघा."

मी विचारलं, "तुम्ही वडील का?"

"न्हाई. मंडळीतला हाय."

"मग बाहेर थांबा."

तो बाहेर थांबला. मी मार्थाला नियम वाचून दाखवला आणि अर्ज परत दिला. ती रडली नाही. पिशवीतून रबर लावलेला पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा काढून तिनं टेबलावर ठेवला, म्हणाली, सर, हे तरी बघा, आणि गेली.

मी ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. कंपनीची हजेरीची कार्डं होती, फाटकावरच्या यंत्रात घालून वेळ उमटवतात तसली. वर्षभराची कार्डं. मी मस्टर शेजारी ठेवलं आणि तारखा लावून पाहिल्या. आमच्याकडं ती गैरहजर होती त्या प्रत्येक दिवशी तिकडं ती हजर होती. सात वाजताच्या शिफ्टला सहा पन्नास, सहा बावन्न. या पोरीनं वर्षभरात एक दिवस चुकवला नव्हता. हजेरी तिचीही पूर्ण होती, फक्त दुसऱ्या फाटकावर.

अर्जाची मुदत आदल्या दिवशी संपली होती. मी विद्यापीठात जाऊन आलो, पण तिथं मला माझाच नियम माझ्याच सुरात वाचून दाखवण्यात आला. तिचं वर्ष गेलं.

त्याच आठवड्यात मी कुरकुंभला गेलो. कशाला, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. दुपारी तीनला शिफ्ट सुटते ती फाटकासमोर उभं राहून पाहिली. वॉचमन उत्तरेकडचा होता. बराच वेळ मला पाहून तो म्हणाला, "भरती के लिए आए हो क्या चाचा? उमर ज़्यादा है." मी म्हटलं, पोरांना भेटायला आलोय. आणि खरंच, बाहेर पडणाऱ्या त्या घोळक्यात माझ्या कॉलेजची सहा-सात पोरं-पोरी मला दिसली. मस्टरवर मी ज्यांना उनाड समजत होतो तीच ही. मला पाहून एक जण तर परत आत पळाला.

पुढच्या जूनपासून आम्ही शिफ्टची तुकडी सुरू केली. पद्धत साधी आहे, बाहेरच्यांना कळावी म्हणून सांगतो. सकाळी साडेसातला जो धडा शिकवायचा, तोच त्या दिवशी संध्याकाळी पाचला पुन्हा शिकवायचा. ज्याची शिफ्ट सकाळी असेल त्यानं संध्याकाळी यावं, ज्याची दुपारी असेल त्यानं सकाळी यावं. आठवडा बदलला की वेळ बदलावी. दोन मस्टरं, पण हजेरी एकच. प्राध्यापकांची तक्रार आली की आम्ही काय कंपनीत आहोत का, शिफ्टमध्ये शिकवायला. म्हणून इतिहासाचे दोन्ही तास पहिली दोन वर्षं मीच घेतले. संध्याकाळच्या वर्गात पोरं झोपायची, बाकावर डोकं टेकून. मी त्यांना झोपू द्यायचो, कारण बाकी कोणी येवो न येवो, ती तिथंवर आली होती.

मार्था त्या तुकडीतून पास झाली. पण मी तिला कधी बोलावून घेतलं नाही. एवढी सगळी उलथापालथ केली ती कुणामुळं हे तिला कळतच असेल, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मी तिची माफी मागायला हवी होती आणि त्याऐवजी तिला वेळापत्रक दिलं. ते देणं सोपं होतं. त्याच्यावर सही करून नोटीसबोर्डावर लावता येतं.

काही वर्षांनी मी बिशप झालो, आणि एक दिवस पाळक होऊ इच्छिणाऱ्यांच्या अर्जांमध्ये तेच नाव समोर आलं. मार्था नोकरी करता करता दौंडच्या मंडळीत संडेस्कूल, म्हणजे मुलांची रविवारची बायबलची शाळा, चालवत होती, आजाऱ्यांना भेटत होती. आता तिला नोकरी सोडून चार वर्षांचं धर्मशिक्षण घ्यायचं होतं. मुलाखतीला मी अध्यक्ष. तिनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, त्या अर्जाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. या खेपेलाही मी समोरच्या कागदाकडंच बघत होतो.

ती शिकून आली. आमच्यात पाळक होण्याआधी वर्षभर सेवक म्हणून उमेदवारी करावी लागते. उपदेश करता येतो, भेटी देता येतात, पण भाकर मोडता येत नाही. ज्याचं त्याचं गाव शक्यतो देत नाहीत, कारण ज्यांनी शेंबूड पुसला ते उपदेश ऐकत नाहीत. पण दौंडला दोन वर्षं पाळक नव्हता आणि जायला कोणी तयार नव्हतं. पाळकाचं घर गळकं, मंडळी कडक. अर्धी मंडळी रेल्वेतली, त्यामुळं साडेआठची उपासना म्हणजे साडेआठला. पाळक दोन मिनिटं उशिरा आला तर लोक स्वतःच गीत सुरू करतात. मी मार्थाला तिथं पाठवलं.

वर्ष चांगलं गेलं. लहान मुलं तिला पाळकताई म्हणू लागली, आणि तेच नाव पडलं. बाई पाळक आमच्या प्रांतात तोवर नव्हती. आमच्या चर्चची घटना परवानगी देत होती, पण घटना मान्य करणं वेगळं आणि बाईच्या हातून भाकर घेणं वेगळं. दोन मोठ्या मंडळ्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, बघू या दौंडचं काय होतं ते. म्हणजे दौंडला काही बिघडलं की त्यांना बोलायला जागा झाली. तिकडं मार्थानं कंपनी सोडलेली, पाच वर्षं यात घातलेली, आई थकलेली. दीक्षा अडली असती तर तिला परत कुरकुंभच्या फाटकावर जावं लागलं असतं, आणि तेही वय उलटल्यावर.

दीक्षेआधी मंडळीच्या पंचांच्या संमतीच्या सह्या लागतात. सगळ्यांच्या आल्या, शमुवेल आप्पांची आली नाही. आप्पा म्हणजे दौंडच्या मंडळीतले सगळ्यात वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, काठी टेकत चालणारे आणि कमी बोलणारे. त्यांच्यावाचूनही संख्या पुरत होती, पण आप्पा नाहीत म्हणजे मागच्या चार बाकांवरची माणसं नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि म्हणाले, "सही न्हाई करत. त्या दिवशी तुमी इचारता ना, कुनाची हरकत हाय का म्हणून? तवा सांगन."

मी त्यांना समजावू लागलो की बाईनं पाळक होणं आपल्या घटनेत मान्य आहे.

"घटना मला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "चहा घ्या, निवल."

मी मार्थाला विचारलं, आप्पांचं काय करायचं? दीक्षा दौंडऐवजी दुसरीकडं, मोठ्या चर्चमध्ये ठेवू या का? ती म्हणाली, "नको सर. बोर्डिंगातून सुट्टीत यायचे तेव्हा आप्पांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून संडेस्कूलला नेलंय. ते पाठीमागून बोलत नाहीत. त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्या." मग म्हणाली, "अडलं तर अडलं. पण चोरून नको."

ती असं म्हणाली खरी, पण मी मनात एक चोरी ठरवलीच होती. प्रश्न विचारायचा, आणि एका श्वासाऐवजी अर्धाच श्वास थांबून पुढं जायचं. आप्पांना काठी घेऊन उठायला वेळ लागतो, हे मी हिशेबात धरलं होतं. बिशपनं असा विचार करू नये, पण केला होता.

दीक्षेचा दिवस आला. बरोबर साडेआठला गीत सुरू झालं. चर्च भरलेलं. त्या दोन मोठ्या मंडळ्यांतली माणसंही मुद्दाम आलेली, हाताची घडी घालून. मार्थाची आई पहिल्या बाकावर, स्वतः शिवलेला पांढरा झगा मुलीच्या अंगावर बघत. मार्था माझ्यासमोर उभी. मी प्रश्न वाचला. कोणाची हरकत असेल तर त्यानं ती आत्ता सांगावी. अर्धा श्वास घेतला आणि पान उलटायला गेलो, तर आप्पा उभे होते. ते बसलेच नव्हते. गीत संपल्यावर सगळे बसले तेव्हा ते उभेच राहिले होते, आणि माझं लक्ष नव्हतं.

"हरकत हाय," आप्पा म्हणाले.

मार्थाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मी नियमाप्रमाणं म्हणालो, आप्पा, या भगिनीबद्दल तुमची काय हरकत आहे ती मंडळीसमोर सांगा.

"पोरीबद्दल न्हाई. तुमच्याबद्दल हाय."

हाताची घडी घातलेल्यांनी घड्या सोडल्या. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून सावकाश बोलले. "हिचा परीक्षेचा फारम तुमी घेतला न्हाई. हिचं वरीस गेलं. म्या आलो होतो हिच्यासंगं, दौंडला गाडी सोडली आन् तसाच आलो, गार्डाच्या कपड्यात. तुमी म्हनला, बाहेर थांबा. त्याचं मला काय न्हाई. पर वेदीवर दान आनलं आन् आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याबद्दल कायतरी सल हाय, तर दान तिथंच ठिवायचं आन् आदी जाऊन समेट करायचा. हे बायबलातलं तुमीच शिकवता. मंग तुमचा हात हिच्या डोक्यावर कसा ठिवनार तुमी, समेट केल्याबिगार?"

पांढऱ्या कपड्यांतला माणूस. इतकी वर्षं मी आप्पांना ओळखत होतो, त्यांच्या घरी चहा पीत होतो, आणि ते मला ओळखत होते. मी मात्र त्या दिवशी केबिनमध्ये तोंड वर करून पाहिलंच नव्हतं, तर ओळखणार कुठून? आप्पांचा विरोध बाई पाळक नको म्हणून आहे, असं मीच ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. मार्थाच्या वेळी जे केलं तेच पुन्हा केलं होतं.

अशा वेळी काय म्हणायचं ते आमच्या पुस्तकात छापलेलं नाही. मी पुस्तक मिटलं, वेदीची पायरी उतरलो आणि मार्थासमोर उभा राहिलो.

"मार्था, त्या दिवशी मी मस्टर बघितलं, तुला बघितलं नाही. तुझी हजेरी पूर्ण होती. माझं चुकलं. मला क्षमा कर."

मार्थानं मान वर केली. मग म्हणाली, "सर, त्या वर्षी एसटीत बसले की मी रोज तुम्हाला शिव्या द्यायचे. न्हावऱ्याचा थांबा येईपर्यंत." मागून कुणीतरी हसलं. "पुढं थांबले. आता क्षमा म्हणालात, तर क्षमा केली. केव्हाच करायची होती, पण तुम्ही मागितली नव्हती."

मी आप्पांकडं वळलो. म्हटलं, आप्पा, तुम्हाला मी बाहेर थांबवलं होतं.

"व्हय. थांबलो की," आप्पा म्हणाले. मग काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला, गार्ड झेंडी दाखवतो तसा. "लाईन क्लियर हाय. घ्या फुडं." आणि बसले.

मी हात ठेवले. प्रार्थना संपेपर्यंत तिनं डोकं अगदी स्थिर धरलं होतं. आपणच दीक्षा घेतोय आणि आपणच समोरच्याला सावरतोय, तशी.

प्रभुभोजनाला आमच्याकडं दोन रांगा लागतात. एका रांगेला बिशप भाकर देतो, दुसऱ्या रांगेला नवा पाळक. त्या दिवशी लोक कुठल्या रांगेत जातात यावर सगळं अवलंबून होतं. सुरुवातीला सगळे माझ्याच रांगेत सरकू लागले. आप्पा मागच्या बाकावरून उठले, काठी टेकत मधली वाट चालत आले, माझ्यासमोरून गेले आणि मार्थापुढं गुडघे टेकून बसले. त्यांचे गुडघे दुखतात हे सगळ्या दौंडला माहीत आहे. मार्थानं त्यांच्या हातावर भाकर ठेवली. त्यांच्यामागं मागचे चार बाक आले. मग पाहुण्यांपैकी एक जण आला, मग दुसरा.

नंतर प्रीतिभोजनाला मटण-भाताच्या पंगतीत मी आप्पांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, म्हणजे बाई पाळक तुम्हाला मान्य होती तर?

"खोटं कशाला बोलू?" आप्पा हाड चोखत म्हणाले. "बाई पाळक अजून मला समदी पटली न्हाई. पोरगी पटली हाय. बाकीचं हळूहळू पटंल. रस्सा घ्या."

घरी आल्यावर मला बाबा आठवले. बहिणीला माती देऊन दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटा वाजवली, ती कर्तव्य म्हणून, असं मी जन्मभर सांगत आलो. पण त्या दिवशी त्यांना, बाबा, आज राहू द्या, दोर मी ओढतो, असं म्हणायला कुणी आलं नव्हतं, ही गोष्ट मी त्यात कधी सांगितली नव्हती. आता सांगतो. मी कधीचा निवृत्त झालो, शिरूरलाच राहतो, सकाळी कॉलेजच्या फाटकापर्यंत फिरून येतो. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना माती मार्थानं दिली.

आमच्या प्रांतात आता तीन बाया पाळक आहेत, त्यातली एक त्या दोन मोठ्या मंडळ्यांपैकी एकीत. कॉलेजात शिफ्टची तुकडी चालू आहे आणि संध्याकाळी पाचला पोरं बाकावर डोकं टेकून झोपतात, पण येतात. घंटा वाजवणाऱ्याचा मुलगा बी. ए. झाला, प्राचार्य झाला, बिशप झाला. आणि गँगमनची मुलगी, मार्था साळवे, दौंडच्या मंडळीची पाळक आहे.